तारणारे जहाज आणि थारा देणारा किनारा

अंतराळप्रवासाच्या कथांत एक प्रसंग वारंवार भेटतो. दूरच्या एखाद्या ग्रहावर माणसांनी वसाहत केलेली असते. शेती, शाळा, कारखाने सारे मार्गी लागलेले असते. एके दिवशी तो ग्रह राहण्याजोगा उरत नाही. कोठे ज्वालामुखी फुटतात, कोठे त्या ग्रहाचा सूर्यच भडकू लागतो. मग एक अंतराळयान धावून येते आणि त्यावरील मूठभर खलाशांवर हजारो वसाहतकऱ्यांना हलविण्याची कामगिरी येऊन पडते. शेवटचा माणूस आत येतो, दार मिटते, यान सुटते, आणि मागे ग्रह पेटतो. कथा बहुधा येथेच संपते.

कथेला हा शेवट शोभतो, हे खरे. परंतु वाचून झाल्यावर एक साधा प्रश्न मनात उरतो. ते हजारो लोक पुढे कोठे उतरले? त्यांना कोणी घर दिले? त्यांची मुले कोणत्या शाळेत गेली? कोपरीसारख्या ठिकाणी तरी हा प्रश्न कोणास वावगा वाटू नये. ठाण्याच्या पूर्वेस, लोहमार्ग आणि खाडी यांच्या मध्ये वसलेले हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. येथील कित्येक घराण्यांचा ठाण्यातील इतिहास मुळी एका सुटकेपासूनच सुरू होतो. म्हणून या विषयासाठी आकाशाकडे पाहण्याआधी आपल्या गल्लीकडे पाहिले तरी चालेल.

माणसांना संकटातून हलविण्याच्या कामाची तीन अंगे आहेत: जागा, क्रम आणि किनारा. वाहनात जागा किती, कोणी आधी जावयाचे, आणि उतरावयाचे कोठे. कथाकारांचे लक्ष बहुधा पहिल्या अंगावर असते. इतिहास पाहिला तर तिसरे अंग सर्वांत अवघड आणि सर्वांत दीर्घकाळ चालणारे ठरते. हेच आम्हास या लेखात थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे.

जागा

आरंभ जागेपासून करू. समजा, उद्या खरोखरच पृथ्वी सोडण्याची पाळी आली. पृथ्वीभोवती फिरत राहावयाचे तर सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर वेग लागतो, आणि तिची ओढ कायमची तोडावयाची तर ११.२ किलोमीटर. एवढा वेग देण्यास जे इंधन जाळावे लागते, त्याचे वजनही वर उचलावे लागते. रशियाचा सोयूझ अग्निबाण सुमारे ३१० टनांचा, आणि त्यावरून जाणार तीन माणसे. म्हणजे माणशी शंभर टन, तेही केवळ पृथ्वीच्या उंबरठ्यापर्यंत. अमेरिकेने माणसे चंद्रावर पाठविली तो सॅटर्न अग्निबाण सुमारे २,९०० टनांचा होता, आणि त्यावरही तीनच माणसे होती.

आता दुसरी बाजू पाहा. पृथ्वीवर आज आठशे कोटींहून अधिक माणसे आहेत, आणि दररोज सुमारे साडेतीन लाख बालके जन्मास येतात. शंभर आसनांची याने बांधली, तरी एका दिवसात जन्मलेल्या बालकांनाच नेण्यास साडेतीन हजार याने लागतील. त्यांच्या आयाबापांचा हिशेब वेगळाच. तात्पर्य, संपूर्ण ग्रह रिकामा करणे ही गोष्ट आज गणिताच्याच कसोटीवर उतरत नाही. लहान वसाहतीची गोष्ट निराळी; तेथे हिशेब जमू शकतो. मात्र तो संकट येण्यापूर्वी जमवून ठेवावा लागतो.

हा धडा समुद्राने माणसाला पूर्वीच दिला आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर बावीसशेंहून अधिक माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांतील आसने होती १,१७८. पंधराशेंहून अधिक लोक गेले. १९१४ साली राष्ट्रांनी एकत्र येऊन सागरी सुरक्षिततेचा पहिला करार केला. जहाजावर जितकी माणसे तितकी होड्यांत जागा असलीच पाहिजे, हा नियम त्यातून पुढे आला. नियम कागदावर येतो आणि किनाऱ्यावर पोहोचण्यास त्याला उशीर लागतो, याचा कटू अनुभव आपल्या कोकणानेही घेतला आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास ही आगबोट वादळात उलटली आणि सहाशेंहून अधिक उतारू बुडाले. जे थोडे वाचले त्यांतील कित्येकांना कोळी बांधवांच्या मचव्यांनी पाण्यातून उचलले.

अंतराळातही आज हाच नियम पाळला जातो. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर राहणाऱ्या प्रत्येकासाठी परतीच्या यानात एक जागा राखलेली असते. २०२४ साली सुनीता विल्यम्स आणि त्यांचे सहकारी ज्या यानाने वर गेले, ते यान त्यांना परत आणण्याइतके भरवशाचे वाटेना. म्हणून सप्टेंबरमध्ये ते रिकामेच खाली उतरविण्यात आले. मग दोघांच्या जागेचे काय? दुसरे यान येईपर्यंत, तेथे उभ्या असलेल्या चार आसनी यानात सामानाच्या जागेवर त्यांची तात्पुरती सोय करून ठेवली. त्यानंतर जे यान वर गेले, त्यात चारांऐवजी दोनच अंतराळवीर बसले आणि दोन आसने मोकळी नेली. त्याच यानाने ही दोघे मार्च २०२५ मध्ये परत आली. दोन आसने मोकळी जावीत म्हणून दोन शिकलेसवरलेले अंतराळवीर जमिनीवर थांबले, ही गोष्ट आम्हास मोठी वाटते. सुटकेच्या कामात रिकाम्या जागेचे मोल भरलेल्या जागेइतकेच असते.

क्रम

जागा असूनही माणसे दगावतात, ती क्रमाअभावी. दाराशी गर्दी झाली की रुंद दारही अरुंद होते. आपली पाळी येणार की नाही हे ज्याला कळत नाही, तो धक्काबुक्की करतो; आणि पाळी नक्की आहे असे ज्याला पटते, तो थांबतो. म्हणून खलाशांचे पहिले काम दार उघडणे हे नसून खरी माहिती देणे हे असते.

याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. उजाडले तेव्हा गाडीच्या चहूकडे पाणी होते आणि आत सुमारे १,०५० उतारू. अशा वेळी खाली उडी घेऊन चालू लागावे, असे कोणासही वाटेल. रेल्वेने मात्र उतारूंना निक्षून सांगितले की, गाडीतच थांबा, खाली उतरू नका. हा सल्ला योग्य होता. लोहमार्ग भरावावर असतो आणि डबा जड असतो. पाणी वाढले तरी तो सहसा जागचा हलत नाही. उलट गुडघाभर वाहते पाणीही माणसाचे पाय उचलते, आणि गढूळ पाण्याखाली खडी वाहून गेली आहे की नाही हे वरून दिसत नाही. बुडत्या गलबतावर आणि अडकलेल्या गाडीवर, दोन्हीकडे पहिला निर्णय हाच असतो: सोडावे की थांबावे?

पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि लष्कर यांची पथके रबरी होड्या घेऊन आली. आसपासचे गावकरीही मदतीस धावले. गरोदर स्त्रियांना, मुलांबाळांना, वृद्धांना आधी काढण्यात आले. त्या गाडीत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. दुपारपर्यंत सारी गाडी सुखरूप रिकामी झाली आणि कल्याणहून विशेष गाडीने उतारूंना कोल्हापूरकडे रवाना करण्यात आले. दुर्बळांना आधी काढण्यात दया आहेच, पण व्यवहारही आहे. ज्यांना होडीत बसावयास मदत लागते, त्यांना हात द्यावयास धडधाकट माणसे मागे असलेली बरी. आणि आपली म्हातारी आई सुखरूप गेली हे डोळ्यांनी पाहिले की मुलगाही शांतपणे रांगेत उभा राहतो.

हजार माणसांच्या ऐवजी लाखाचा प्रश्न आला की क्रमाचे रूप पालटते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापले तेव्हा तेथे दीड लाखाहून अधिक भारतीय होते. कोकणातून, केरळातून, पंजाबातून पोटासाठी आखातात गेलेली ही माणसे. कुवेतचा विमानतळ बंद. मग बसगाड्यांनी बसरा, बगदाद असे वाळवंट ओलांडून त्यांनी जॉर्डनची राजधानी अम्मान गाठली, आणि तेथून एअर इंडियाच्या विमानांनी त्यांना मुंबईत आणले. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे झाली. म्हणजे दिवसाला सरासरी आठांहून अधिक. लाखाहून अधिक माणसे अशी परत आली. या कामात विमान हा केवळ शेवटचा दुवा होता. कुवेतमधील भारतीयांनी स्वतःच समित्या नेमून अन्नाची वाटणी केली, याद्या केल्या, रांगा लावल्या. ज्यांच्याजवळ पासपोर्ट नव्हते त्यांना वकिलातीने कागद दिले. वाळवंटातील नाक्यावर ज्याचा कागद अडला, त्याला अम्मानच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाचा काही उपयोग नव्हता. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते, आणि बहुतेक वेळा ती कडी लोखंडाची नसून कागदाची असते.

किनारा

आता तिसऱ्या अंगाकडे वळू आणि त्यासाठी सिंधकडे जाऊ. सिंध आणि आपण एके काळी एकाच इलाख्यात होतो. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला. तोवर कराचीचा कारभार मुंबईहून चाले. कराचीत मराठी कुटुंबे होती. तेथील पहिल्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, आणि ती शाळा आजही त्याच नावाने चालते. कराचीहून आगबोटीने मुंबईस येणे हा तेव्हा नित्याचा प्रवास होता. १९४७ साली तोच प्रवास एकेरी झाला.

पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली; निम्मा प्रांत तरी इकडे उरला. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. १९४१ च्या जनगणनेत त्या प्रांताच्या सुमारे ४५ लाख वस्तीपैकी सव्वाबारा लाखांच्या आसपास हिंदू होते. आरंभी त्यांतील बरेच जण थांबावयाच्या विचारात होते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि मग थांबण्याचा विचार कोणी केला नाही. कोणी हैदराबाद-मीरपूरखासच्या वाटेने रेल्वेने मारवाडात उतरले. बाकीच्यांनी कराचीचा धक्का गाठला. श्रीप्रकाश हे तेव्हा कराचीत भारताचे हायकमिशनर होते. दाराशी रोज उभ्या राहणाऱ्या माणसांना बोटीत जागा मिळवून देणे, हे त्यांच्या कचेरीचे मोठे काम होऊन बसले.

येथे थोडे गणित करून पाहणे उपयोगी पडेल. कराची ते मुंबई हे अंतर सुमारे ९०० किलोमीटर. समजा, एका आगबोटीत हजार उतारू बसले. जाणे, उतरविणे, कोळसा-पाणी भरणे आणि रिकामे परत येणे यांस मिळून पाच दिवस लागले. आणि अशा दहा बोटी अहोरात्र चालविल्या. दिवसाला दोन हजार माणसे हलतील, आणि दहा लाखांना पाचशे दिवस लागतील. ही कल्पनेची बेरीज आहे, परंतु तिच्यातून एक मर्म कळते. बोटी वाढविता येत नसतील, तर फेरी आखूड करावी. काठेवाडातील ओखा बंदर कराचीपासून साडेतीनशे किलोमीटरांच्या आत आहे. तेथे माणसे उतरविली तर तीच बोट कितीतरी अधिक फेऱ्या करते. म्हणूनच ओखा, पोरबंदर, वेरावळ अशा बंदरांतही त्या काळी निर्वासित उतरले.

परंतु जवळचा किनारा आणि पोसणारा किनारा हे दोन्ही नेहमी एक नसतात. लहान बंदराच्या गावी लाखो माणसांस काम कोठून मिळणार? ओख्याला उतरलेली माणसे पुढे पोटापाण्यासाठी मोठ्या शहरांकडेच निघाली. ज्यांना शक्य होते ते थेट मुंबईस आले. मुंबई आधीच भरलेली. धान्याची टंचाई, घरांची टंचाई. सरकारला चिंता पडली, आणि १९४८ साली निर्वासितांसंबंधी स्वतंत्र कायदा करून त्यांची नोंद व वसतीची व्यवस्था हाती घ्यावी लागली.

आणि येथेच कल्याणचे नाव येते. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपले आणि बराकी ओस पडल्या. त्याच बराकींत सुमारे एक लाख निर्वासितांची सोय झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्या नगरास उल्हासनगर म्हणू लागले. जुनी माणसे आजही त्याला ‘कॅम्प’ म्हणतात, आणि पत्त्यातही कॅम्प क्रमांक एक ते पाच असे लिहितात. शिपायांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकीत मध्ये तरट किंवा चादर बांधून एकेका कुटुंबाने आपला संसार वेगळा केला. आगबोट दोन दिवसांत सुटली. ते तरट जाऊन तेथे भिंत येण्यास वर्षे लागली. अशाच वसाहती चेंबूरला, मुलुंडला आणि आपल्या कोपरीला झाल्या.

त्या काळाकडे आज पाहताना दोन्ही बाजू लक्षात घेतल्या पाहिजेत. आलेल्यांचे दुःख मोठे होते. पण जे आधीपासून येथे होते, त्यांच्याही ताटातली भाकरी लहान झाली होती. विहिरीवर, रेशनच्या दुकानावर, गाडीच्या डब्यात रांग लांबली होती. भाषा निराळी, जेवण निराळे, व्यापाराची रीत निराळी. थोड्या नफ्यावर पुष्कळ माल खपवावयाचा ही सिंधी दुकानदाराची पद्धत जुन्या पेढ्यांना खुपली, तर गिऱ्हाइकाला आवडली. कुरबुरी झाल्या, टोपणनावे पडली. तरीही शाळांत दोन पाळ्या झाल्या, बाजारात दोन्ही भाषांचे आवाज मिसळले आणि शेजार जमला. किनारा म्हणजे नुसती जमीन नव्हे. सरकून जागा करून देणारी माणसे म्हणजे किनारा.

सुटका झालेला माणूस म्हणजे बोटीतून उतरविलेला माल नव्हे, हेही त्या पिढीने दाखविले. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातील प्राध्यापकांनी १९४८ साली मुंबईत जयहिंद कॉलेज काढले. सिंध-हैदराबादेतील नॅशनल कॉलेज १९४९ साली वांद्र्याला पुन्हा उभे राहिले. घरोघरी स्त्रियांनी पापड लाटले, पुरुषांनी लोकलगाडीत आणि रस्त्यावर फेरी केली, आणि त्यातून दुकाने व कारखाने उभे राहिले. खलाशांनी माणसे आणली. त्यांनी नगर स्वतः बांधले.

पण काही गोष्टी बोटीत मावल्या नाहीत. जमीन मावली नाही, नदी मावली नाही. ज्या भाषेला स्वतःचा प्रांत उरला नाही, ती शाळेपेक्षा घरातच अधिक जगते, आणि नातवंडे आजीशी हिंदीत बोलू लागली की घरातही क्षीण होते. १९६७ साली सिंधी भाषेचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला, तो पुष्कळ वर्षांच्या मागणीनंतर. झूलेलाल हे सिंधी लोकांचे दैवत जलाचे. चित्रांत ते सिंधू नदीतील माशावर बसलेले दिसते. चैत्रात आपली गुढी उभी राहते, त्याच सुमारास त्यांचा चेटीचंड येतो आणि बहिराणासाहेबाची मिरवणूक पाण्याकडे जाते. ज्या खाडीला कोळी नारळ देतात, तिच्याच काठी सिंधूची आठवण जागविली जाते. एका गावच्या पाण्याने दुसऱ्या गावच्या नदीला एवढा आधार द्यावा, ही कोपरीची कमाई आहे.

परतीची वाट

या तिसऱ्या अंगाचा आणखी एक पैलू आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन द कुन्हा नावाचे एक बेट आहे. सर्वांत जवळची वस्ती दोन हजार किलोमीटरांहून दूर. कथांतील एकाकी ग्रहासारखे ठिकाण पृथ्वीवर असेल, तर ते हेच. ऑक्टोबर १९६१ मध्ये तेथे वस्तीलगतच ज्वालामुखी फुटला. बेटावर अडीचशेच्या वर माणसे होती. जवळ असलेल्या मासेमारीच्या बोटींनी त्यांना आधी शेजारच्या ओसाड बेटावर नेले. तेथून एका डच जहाजाने केप टाऊनला. आणि पुढे ती इंग्लंडला पोहोचली. आधी जवळचा किनारा, मग पोसणारा किनारा, हा क्रम येथेही दिसतो.

इंग्लंडने त्यांना घरे दिली, कामे दिली. वर्षभराने त्यांचे मत विचारण्यात आले, तेव्हा १४८ जणांनी परत जाण्याच्या बाजूने मत दिले, आणि विरुद्ध अवघ्या पाच जणांनी. १९६३ साली बहुतेक सर्व मंडळी आपल्या बेटावर परतली आणि आजही तेथे वस्ती आहे. वीज, दिवे, दुकाने सोडून ती वाऱ्यापावसाच्या खडकावर का गेली, हे नगरवासीयांना कोडे वाटेल. कोपरीतील सिंधी आजीला ते कोडे वाटणार नाही. फरक इतकाच की, ज्वालामुखी थंड झाल्यावर ट्रिस्टनच्या लोकांना परतीची बोट मिळाली. सिंधच्या लोकांना ती कधीच मिळाली नाही. ज्यांची परतीची वाट मिटली आहे, त्यांच्यासाठी किनाऱ्याची जबाबदारी दुणावते. ‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न तिसऱ्या पिढीलाही विचारला जातो, तेव्हा आपल्या मते ती सहज चौकशी असते. ऐकणाऱ्याला मात्र आपले आजोबा अजून धक्क्यावरच उभे आहेत, असे वाटू शकते.

आपल्याकडील काम

अंतराळयानांच्या कथा आम्हास प्रिय आहेत आणि त्या वाचाव्यातच. पण त्यांच्यातील संकट दूरच्या ग्रहावरचे असते. आपल्याकडे खाडी आहे, उल्हास नदी आहे, आणि दरवर्षी येणारा पाऊस आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी ठाणे, कल्याण, बदलापूर या पट्ट्यातील सखल वस्त्यांनी काय पाहिले, ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. होड्या आणि पथके पुरविण्यासाठी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे नेमली आहेत. वाहनाची काळजी त्यांनी घ्यावी.

क्रम आणि किनारा मात्र कायद्याने तयार होत नाहीत. ते गल्लीत तयार होतात. आपल्या चाळीत, आपल्या इमारतीत अंथरुणास खिळलेले कोण आहे, एकटे कोण राहते, कोणाला रात्रीचे दिसत नाही, ही यादी कोणा सरकारी कचेरीपेक्षा शेजाऱ्याला अधिक ठाऊक असते. ती पावसाळ्यापूर्वी कागदावर उतरविणे कठीण नाही. पाणी चढले तर कोणत्या शाळेचे दालन उघडावयाचे, आणि रात्री दोन वाजता तिची किल्ली कोणाकडे असेल, एवढे दोन प्रश्न प्रत्येक मंडळाने एकदा सोडवून ठेवावेत. आणि त्या दालनात जे येतील, ते पलीकडच्या वस्तीतले असोत, परप्रांतातून कामाला आलेले असोत, की आपल्याशी कालपर्यंत नळावर भांडलेले असोत, त्यांना उतरून घेण्यास कोण उभे राहील, तेही ठरवावे.

१९४८ साली कराचीहून निघालेल्या बोटीवरील खलाशांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांचे काम दोन दिवसांचे होते आणि त्यांनी ते चोख केले. त्यांनी आणलेल्या माणसांना शेजार देण्याचे काम कोपरीकडे, कल्याणकडे आले. ते अजून चालू आहे, आणि दर पावसाळ्यात नव्याने करावे लागण्याचा संभव आहे. पाऊस सुरू होण्यास अद्याप काही आठवडे आहेत. शाळेची किल्ली कोठे आहे, एवढे तरी त्याआधी पाहून ठेवावे.